डिकीवर स्पॉयलर असा बसवायचा की सांधा दिसता कामा नये. कोकणच्या हवेत टिकेल का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण), १२ जानेवारी

नमस्कार मंडळी,

गाडी २००४ ची एस्टीम, बाबांनी नवी घेतलेली. २२ जुलै २०२१ ला ती आमच्या दारात काचेच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर आत बोटभर गाळ. सगळे म्हणाले भंगारात दे. दिली नाही. वायरिंग नवं केलं, फरशीचा पत्रा दोन जागी कापून नवा लावला, सीट बदलल्या. आता बॉडी पत्र्यापर्यंत घासून तयार आहे, रंगाचं काम तेवढं बाकी आहे.

शाळेत असल्यापासून मनात आहे की या गाडीच्या डिकीला मागे वर उचललेली बदकाच्या शेपटीसारखी कड असावी. मोठा पंखा नको, उंच पाय नकोत, डिकीचाच पत्रा वर वळल्यासारखं दिसायला हवं. मुंबईहून एबीएस प्लॅस्टिकचा तयार स्पॉयलर मागवला. ठेवून बघितला तर मधोमध चार मिलिमीटर फट आणि दोन्ही टोकांना कड पत्र्याच्या वर उभी. वरून चिकटवलाय हे दहा फुटांवरून कळतं.

एक गॅरेजवाला म्हणाला, "फट पुट्टीने भरू, घासू, सगळ्यावर एकच रंग मारू. दोन दिवसांचं काम." दुसऱ्याने हातच लावला नाही. पहिला पावसाळा जाऊ दे मग बोलू, एवढंच म्हणाला. दोघांतला बरोबर कोण? आणि दुसरा बरोबर असेल तर सांधा खरोखर नाहीसा करायची वाट कोणती? भोकं पाडू की चिकटवू? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दादरचा_चाकरमानी, १२ जानेवारी

आधी गाडी वाचवल्याबद्दल हात जोडून नमस्कार. फोटो टाका. बाकी जाणकार सांगतीलच, मी पहिल्या रांगेत बसलोय.

तिखटजाळ (रत्नागिरी), १२ जानेवारी

परशुराम घाट आणि खड्ड्यांतून साठच्या वर जाता येत नाही. स्पॉयलर करणार काय तिथे? हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १२० ला गाडीला खाली रेटणारा जो दाब मिळेल त्याचा ६० ला चौथा हिस्सा, आणि या एवढ्याशा कडेचा मुळात दाब तो केवढा. तोच पैसा खालून गंजरोधक लावण्यात घाला, असं मला मनापासून वाटतं.

वाशिष्ठीकाठ, १२ जानेवारी

तिखटजाळ, खालून गंजरोधक झालंय, डिसेंबरातच. आणि दाबासाठी नाहीच करत आहे. मला तो आकार आवडतो, एवढंच कारण आहे.

जांभाचिरा (लोटे), १३ जानेवारी

दुसरा गॅरेजवाला बरोबर. का ते आकड्यांत सांगतो, म्हणजे वाद उरणार नाही.

डिकीचा पत्रा पोलादी. पोलाद एका अंशाला लांबीच्या दहा लाख भागांमागे १२ भाग वाढतं. एबीएस साधारण ७० ते १००, आपण ८० धरू. तुमचा स्पॉयलर सव्वा मीटरच्या आसपास असेल, सोयीसाठी १२०० मिलिमीटर धरतो. मे महिन्यात दुपारी गडद रंगाचा पत्रा पासष्टच्या वर सहज जातो. त्यावर जूनची पहिली सर आली की दहा मिनिटांत पंचवीसवर. म्हणजे ४० अंशांचा फरक. तेवढ्यात पोलाद सुमारे ०.६ मिलिमीटर आक्रसणार आणि एबीएस ३.८. दोन्हींमध्ये तीन मिलिमीटरहून जास्त ओढाताण, प्रत्येक टोकाला दीडेक मिलिमीटर. पॉलिएस्टर पुट्टी वाळली की खडूसारखी कडक असते, ती एवढी ताणली जात नाही. आधी रंगाखाली केसाएवढी रेघ उठेल, त्या रेघेतून पाणी जाईल, मग पुट्टीखालचा पत्रा गंजेल. गंज फुगतो आणि पुट्टी पोपडा होऊन निघते. हे सगळं एका पावसाळ्यात होतं.

फायबर, म्हणजे काचतंतू आणि रेझिन, यांचा आकडा पंचवीस-तीसच्या घरात. त्याच हिशेबाने १.२ ते १.४ मिलिमीटर. पोलादाशी फरक मिलिमीटरच्या आत. म्हणून सांधा मिटवायचाच असेल तर वस्तू फायबरची हवी. एबीएस ठेवायचा असेल तर त्याला हलायला जागा द्या, कडेला पातळ रबरी बीडिंग घाला आणि रेघ दिसू द्या. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक स्पॉयलरखालीही ती रेघ असतेच.

वाशिष्ठीकाठ, १३ जानेवारी

जांभाचिरा, हिशेब वहीत उतरवून घेतला. एबीएसचा नाद सोडला. पण मग फायबरचा तयार स्पॉयलर या जुन्या गाडीला कुठे मिळणार?

बांगडो (मालवण), १३ जानेवारी

वाशिष्ठीकाठानू, माझो भाचो देवगडाक फायबरच्यो होड्यो बांधता. तेका तुमचो फोटो दाखयलंय. तो म्हणता, पुट्टी म्हणजे सांधो न्हय, पुट्टी म्हणजे पावडर. सांधो धागो धरता. दोन तुकडे जोडूचे तर दोन्ही बाजू घासून उतरत्यो करूच्यो, चार बोटां तरी, आणि वरसून काचतंतूची मॅट आणि रेझिनचे थर घालूचे. पयलो अरुंद, दुसरो तेच्यापरीस रुंद, तिसरो आणखी रुंद. होडयेचो सांधो वर्षाचे नऊ म्हयने खाऱ्या पाण्यात आपटता तरी उकलणा नाय. पाण्याक वाट गावली की ता थांबणा नाय, म्हणान वाटच ठेवची नाय.

तयार कित्याक शोधतात? करून घेवा. तेका दोन दिवसांचा काम.

सुरंगीचा_वळेसर (वेंगुर्ले), १४ जानेवारी

बांगडोभाऊंच्या भाच्याशी सहमत, फक्त एक दुरुस्ती. होडीत फायबरवर फायबर बसतं, इथे फायबर पत्र्यावर बसायचंय. होडीचं साधं पॉलिएस्टर रेझिन पोलादाला नीट धरत नाही, वाळताना आक्रसतं आणि कडेने सुटतं. पत्र्याला भिडणारे थर इपॉक्सी रेझिनचे हवेत. आणि इपॉक्सी वापरणार असाल तर होडीवाल्यांची चॉप मॅट नको. त्या मॅटमधले तुकडे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट ताठ राहते, वळणावर बसत नाही, खाली हवा अडकते. विणलेलं काचकापड घ्या.

आमच्याकडच्या हवेत आणखी एक होतं. दमट दिवसात इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट साय येते. हाताला नुसतं ओशट लागतं, डोळ्यांना दिसत नाही. ती न धुता घासली की कागदासोबत आत चोळली जाते आणि वरचा प्रायमर सुटतो. आधी गोडं पाणी आणि खरखरीत घासणीने धुवायचं, पुसून कोरडं करायचं, मगच पॉलिश पेपर. मी माझ्या जीपचं बॉनेट यापायी दोनदा केलंय.

बांगडो, १४ जानेवारी

ताई, भाच्यान कबूल केल्यान. म्हणता, पत्र्यार कधी केलंय नाय.

आणि एक सांगूक सांगल्यान: पॉलिएस्टर वापरात तेका. कोबाल्ट (रेझिन बेगीन सुकवणारो) आणि हार्डनर कधीच एकामेकात थेट ओतू नको. आधी रेझिनात कोबाल्ट ढवळूचो, मग हार्डनर. थेट मिसळलो तर भडको उडता. तेच्या शेजारच्या शेडीत एकाचो हात भाजलो हा.

कशेडी_वळण (पोलादपूर), १४ जानेवारी

तांत्रिक बाजू छान चालली आहे, कायद्याची मी मांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या प्रकरणात हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डिकीवरची एक कड यात बसते का यावर माणसं भांडतात. मी भांडत नाही. आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला फोटोसह कळवा आणि पोच जपून ठेवा. तुमची गाडी २००४ ची, म्हणजे पंधरा वर्षांनी एकदा आणि त्यापुढच्या पाच वर्षांनी पुन्हा नूतनीकरण झालं असेल. पुढच्या वेळी साहेब गाडीभोवती फिरतील तेव्हा हातात कागद हवा. कड बंपरच्या मागे जाऊ देऊ नका, नंबरप्लेट आणि दिवे झाकू नका.

दादरचा_चाकरमानी, १४ जानेवारी

गणपतीला गावी येताना माझ्या गाडीच्या टपावर मखर, डिकीत मोदकपात्र आणि मागच्या काचेत आईची वळकटी असते. तो बदल कोणत्या कलमात बसतो?

कशेडी_वळण, १४ जानेवारी

बाप्पाच्या. :) वळकटी तेवढी काचेतून काढा, मागचं दिसायला हवं.

शाडूवाला (पेण), १६ जानेवारी

आकार कसा काढणार हे कुणीच विचारलं नाही, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. चिकटवणं त्यामानाने सोपं.

आमचा मूर्तींचा कारखाना, तिसरी पिढी. मागच्या वर्षी पुतण्याने मोटरसायकलच्या मागच्या भागाला अशीच शेपटी केली. आधी थर्माकोल कापून आकार केला आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतलं. पाच मिनिटांत थर्माकोल विरघळून खड्डा. स्टायरिन त्याला खातं. फोमच घ्यायचा तर पीयू फोम घ्या. पण मी म्हणेन फोम कशाला? शाडू आहे ना. मोठ्या मोटार कंपन्यांतसुद्धा नव्या गाडीचा आकार मातीत काढतात, फक्त त्यांची माती तेलाची असते आणि गरम करून लावतात.

डिकीवर आधी पॅकिंगची चिकटपट्टी बिनसुरकुती लावा. शाडूत पाणी आहे, उघड्या पत्र्याला एका रात्रीत तांबूस गंज येतो. मग माती थापा. थापताना डोळा मातीवर ठेवू नका, गाडीच्या बाजूच्या रेषेवर ठेवा. मागच्या दरवाज्यापासून निघालेली ओळ डिकीपर्यंत येते, ती कुठे संपते ते बघा. शेपटी तिथून उचलली पाहिजे. मूर्तीचा हात खांद्यातून यावा लागतो, नुसता जोडला तर लहान मुलालाही कळतं. गाडीचंही तसंच असणार.

एक बाजू पूर्ण करा, मग पुठ्ठ्याचे फर्मे कापून दुसरी बाजू ताडून बघा. संध्याकाळी दिवे घालवून एक ट्यूबलाईट आडवी धरा. ओल्या शाडूवर तिची रेघ सरळ सरकली पाहिजे. जिथे रेघ लचकते तिथे खळगा किंवा उंचवटा आहे. मूर्तीच्या गालावर आम्ही हेच करतो. रात्री ओलं फडकं टाकून ठेवा, नाहीतर भेगा जातील. मनासारखं झालं की वरून प्लास्टरचा साचा घ्या, दोन भागांत. साचा आठवडाभर वाळू द्या, मेण लावा, त्यात फायबर घाला. पेणला येऊ शकत असाल तर प्लास्टरचं मी करून देतो. पैसे नकोत. पुरातून काढलेली गाडी बघायची आहे.

वाशिष्ठीकाठ, १६ जानेवारी

शाडूवाला दादा, काय लिहू. डिकी काढून टेम्पोत घालून पुढच्या रविवारी येतो.

तिखटजाळ, १७ जानेवारी

शाडूवाल्यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं पहिलं मत मागे घेत नाही, पण डिकी रत्नागिरीत असती तर बघायला मीही आलो असतो.

जुना_डेंटर (रत्नागिरी), १९ जानेवारी

मुलगा वाचून दाखवतो, मी सांगतो तसं तो टाईप करतो. चाळीस वर्षं डेंटिंग केलं.

पुट्टीचे डबे सर्रास मिळायच्या आधी आम्ही सांधे शिशाने भरायचो. शिसं जास्त, कथील कमी. पत्रा घासून चकचकीत करायचा, कल्हईवाला भांड्याला करतो तशी आधी कथलाची कल्हई, मग मंद आचेवर शिसं लोण्यासारखं मऊ झालं की तेलात भिजवलेल्या लाकडी थापीने पसरायचं. ते पत्र्याशी एकजीव होतं. अशी कामं तीस वर्षं टिकलेली माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण धूर आणि भुकटी विष आहे. कागदाने कधी घासायचं नाही, कानशीने घासायचं. आज मी कुणाला करा म्हणणार नाही, माझ्या उस्तादांची शेवटची वर्षं मी पाहिली आहेत.

मुलाच्या मित्राने विचारलं की पत्र्याचीच शेपटी वेल्ड करावी का. एवढ्या पातळ पत्र्याला लांब वेल्ड मारला की डिकी पापडासारखी वाकडी होते. ठिपक्या-ठिपक्याने, थांबत थांबत करणारा हात असेल तर होतं. नसेल तर फायबर बरं.

आता मुद्द्याचं. सगळे सांधा कसा मिटवायचा ते सांगताहेत. सांधा मिटत नसतो, त्याची जागा हलवता येते. डिकीच्या दोन बाजू आणि मागची कड इथे कंपनीने फट दिलेलीच आहे. फायबर तिथपर्यंत न्या, कडेवरून खाली वळवा आणि फटीत संपवा. तीन बाजूंचा सांधा कुणाला दिसणार नाही, हलला तरी फुटणार नाही. उरली एकच ओळ, काचेकडची. तिथे सगळी मेहनत घाला.

जांभाचिरा, १९ जानेवारी

काका, हे वाचून एकदम लख्ख झालं. बदकाच्या शेपटीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९७२ साली आलेली पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७. तिच्यात कड वरून बसवलेली नव्हती. इंजिनाचं अख्खं झाकण शेपटीसकट फायबरचं एकच होतं, त्यामुळे सांधा झाकणाच्या मूळ फटीत गेला. तुम्ही न बघता तेच सांगितलंत.

जुना_डेंटर, १९ जानेवारी

ती गाडी पाहिलेली नाही. पत्रा सगळीकडे सारखाच.

अजून एक. पुट्टी पाण्याने घासू देऊ नका. पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते. आपल्याकडे पोरं बादली घेऊन वॉटर पेपर मारतात, आणि खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ. म्हणजे मीठ स्वतःच्या हाताने आत भरलं. वर कितीही भारी रंग मारा, ऑगस्टात फोड येणार. पुट्टी कोरडीच घासायची, ऐंशी नंबरच्या पेपरपासून एकशेऐंशीपर्यंत. पाणी प्रायमर वाळल्यावर, आणि तेही नळाचं.

सुरंगीचा_वळेसर, २० जानेवारी

+१०० काका. माझ्या दारातल्या विहिरीवर चहा होत नाही, तेच पाणी मी वर्षानुवर्षं पेपरला वापरत होते.

रंगाची वेळ: फेब्रुवारी-मार्च, सकाळी दव उडाल्यावर म्हणजे अकरानंतर. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी वर हवं, नाहीतर न दिसणारा ओलावा रंगाखाली राहतो. दुपारी खारा वारा सुटला की थांबायचं, तो मीठ आणि जांभ्याची लाल धूळ दोन्ही आणतो. रंगाआधी आदल्या दिवशी अंगणात पाणी मारून धूळ बसवा. आणि ओल्या रंगाची गाडी आंब्याखाली उभी करू नका. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा सगळीकडे पडतो.

दादरचा_चाकरमानी, २० जानेवारी

तुडतुड्यांवरून आठवलं, यंदा मोहोर कसा आहे? आमच्याकडे आत्तापासून पेटीचे भाव सांगायला लागलेत.

बांगडो, २० जानेवारी

देवगडाक बरो हा. पण धुक्यान वाट लावल्यान काय ता होळयेक कळतला.

*(इथे आंब्यावरचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – व्यवस्थापन)*

वाशिष्ठीकाठ, २३ मार्च

उशीर झाला, पण काम झालं. क्रमाने लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

पेणला दोन रविवार गेले. पहिल्या दिवशी मी केलेला आकार दादांनी एका शब्दात नाकारला, "लादलाय." खरंच होतं. माझी कड मधे सगळ्यात उंच होती आणि टोकांना पडत होती. बाजूची रेष आधीच वर येते, त्यामुळे कड पूर्ण रुंदीभर जवळजवळ सपाट ठेवावी लागली आणि टोकं खाली वळवावी लागली. उंची मी सत्तर मिलिमीटर धरली होती, ती अठ्ठेचाळीसवर आली. ट्यूबलाईटची रेघ सरळ यायला रात्रीचे अकरा वाजले. वहिनींनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली, तेही इथे नोंदवतो.

साच्यात विणलेल्या कापडाचे चार थर, इपॉक्सी. पत्र्याच्या बाजूला पट्टा फक्त खरबरीत केला आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर. भोक एकही पाडलं नाही. चिकटवायला पॅनेलचा दोन-भागी इपॉक्सी, वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर दाबून. तिन्ही बाजू काकांनी सांगितल्याप्रमाणे फटीत वळवल्या.

काचेकडच्या ओळीला चार दिवस लागले. फायबरची कड चाळीस मिलिमीटर उतरती घासली, इतकी की शेवटी कागदासारखी पातळ. त्यावर कापडाच्या पट्ट्या तीस, साठ, नव्वद मिलिमीटर रुंद. साय धुतली (ताई, खरंच हाताला ओशट लागली). मग बारीक पुट्टी, कुठेही दोन मिलिमीटरच्या वर नाही, कोरडी घासून. जाड प्रायमरचे तीन हात, त्यावर काळ्या रंगाचा उडता फवारा, आणि लांब लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून तिरके हात. काळं जिथे उरलं तिथे खळगा. चार वेळा फवारला तेव्हा एकसारखं निघालं. नंतर रंग आणि वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. गाडी पूर्णच रंगवायची होती म्हणून छटा जुळवायचा प्रश्न आला नाही.

एक अडचण कुणी सांगितली नव्हती. वजन सव्वादोन किलोने वाढलं आणि डिकी उघडी राहीना, डोक्यावर येत होती. बिजागरीचा स्प्रिंग एक खाच पुढे घेतल्यावर थांबली.

आरटीओत अर्ज दिला आहे, विम्याला कळवलं आहे. दोन्ही पोच फाईलला.

आईने दारात येऊन डिकीवर हात फिरवला, दोनदा. म्हणाली, "ह्यांनी घेतली तेव्हा अशीच होती का?"

शाडूवाला, २३ मार्च

बस. मला याहून जास्त काही नको. फोटो कारखान्यात लावतोय.

तिखटजाळ, २४ मार्च

सुंदर झालीय, मनापासून. पण तुमच्या पहिल्या प्रश्नातला अर्धा भाग अजून शिल्लक आहे. टिकेल का? ते मार्चमध्ये कळत नाही. अनंत चतुर्दशीनंतर फोटो टाका, जवळून काढलेले, उन्हात.

जुना_डेंटर, २४ मार्च

हा बरोबर बोलला. डिकीच्या आतून, जिथे पत्रा दुमडलाय त्या घडीत मेण मारलं का? पाणी वरून जात नाही, दव आत धरतं आणि घडीत साचतं.

वाशिष्ठीकाठ, २४ मार्च

काका, मागच्या घडीत मारलं. डाव्या कोपऱ्यात नळी पोचली नाही.

वाशिष्ठीकाठ, ११ ऑक्टोबर

तिखटजाळ, उशिराने का होईना, हे घ्या फोटो. भर दुपारी, हातभरावरून.

काचेकडची ओळ: काही नाही. नखाने, ट्यूबलाईटने, ओल्या फडक्याने, सगळ्यांनी बघितलं. मे महिन्यात गाडी मुद्दाम उन्हात ठेवत होतो आणि जूनची पहिली सर तिच्यावर पडू दिली. रेघ उठली नाही. जांभाचिरा, तुमचा हिशेब वहीत आहे तो तसाच ठेवतो.

डावा कोपरा: रुपयाएवढा फोड. सांध्यावर नाही, त्याच्या खाली, डिकीच्या घडीवर. टोकरून बघितला, आत तांबूस पाणी. काका, तुम्ही विचारलंत तीच जागा. पोकळीत मेण मारायची वाकडी नळी आता मागवली आहे.

जुना_डेंटर, ११ ऑक्टोबर

आता हात लावू नको. थंडी पडून पत्रा पूर्ण सुकू दे. जानेवारीत घडी उघड, गंज खरवड, फॉस्फोरिक अॅसिडचं गंजनाशक लाव, धू, प्रायमर, मग मेण. रंगाचा उष्ण दिवा मेणाआधी, नंतर नाही, वितळून वाहतं. डिकी घेऊन रत्नागिरीला ये. मुलगा धरेल, मी सांगतो.

तिखटजाळ, ११ ऑक्टोबर

येणार असाल तर मला तारीख कळवा. काकांच्या गल्लीच्या टोकाला राहतो.

बांगडो, १२ ऑक्टोबर

भाचो इचारता, तो जुनो एबीएसचो स्पॉयलर हा काय अजून? तेच्या टेम्पोक व्हयो.

वाशिष्ठीकाठ, १२ ऑक्टोबर

आहे, घेऊन जा म्हणावं. फक्त पुट्टीने जोडू नको, बीडिंग लाव.